22 वर्षांनी पेटी उघडली, पण षड्ज खाली आलाय

दिव्याचा मालवणी

नमस्कार मंडळी. प्रश्न पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा आहे. थोडा लांब होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा मागू?

मी 51 वर्षांचा. मूळ कुडाळ तालुक्यातला. आता दिव्याला राहतो आणि वाशीच्या दाणाबाजारात एका पेढीवर हिशेब लिहितो. अकराव्या वर्षापासून 29 व्या वर्षापर्यंत आमच्या वाडीच्या भजनी मंडळात पेटी घेऊन गायचो. पखवाजावर माझा थोरला भाऊ. गणपतीत घरोघरची भजनं, देवळातला सप्ताह, जत्रा, दोन-चार डबलबाऱ्या, म्हणजे दोन बुवांचे समोरासमोर भजनाचे सामने. शेजारच्या गावच्या बुवांकडे शिकलो, परीक्षा प्रवेशिका पूर्णपर्यंत दिल्या. बाकी सगळं रात्री जागून, ऐकून आलेलं.

2003 च्या मार्गशीर्षात दादा अपघातात गेला. तेव्हापासून पेटीचं झाकण उघडलं नाही. ठरवून बंद केली असंही नाही. बाराव्यानंतर मंडळाने बोलावलं, मी पेटीपुढे बसलो, उजव्या हाताला पखवाजावर दुसरा मुलगा बसला. त्याने थाप मारली आणि माझा हात पट्टीवर पडेना. उठलो तो उठलोच. त्यानंतर दर गणपतीला गावी गेलोय, आरती म्हटलीय, पण भजन सुरू झालं की मागच्या पडवीत जाऊन बसायचो. घरातल्यांनी कधी विषय काढला नाही.

दादा गेला तेव्हा त्याचा मुलगा चार वर्षांचा होता. तो आता 26 चा आहे आणि पखवाज वाजवतो. बापाचाच पखवाज, नवी पुडी घालून. यंदा शिमग्याला गेलो तेव्हा निघताना म्हणाला, "काका, अवंदा पेटी तुमीच वाजवूक व्हयी." मी काही उत्तर दिलं नाही. पंधरा दिवसांनी सावंतवाडी-दिवा गाडीतून तो पेटी घेऊन थेट दारात. गोधडीत गुंडाळून, वरून नायलॉनची दोरी.

पेटी डबल रीडची, म्हणजे प्रत्येक पट्टीला खर्ज आणि नर असे दोन सूर; कपलर, म्हणजे एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टी दाबणारी सोय, नसलेली. 22 वर्षं माळ्यावर नारळांच्या ढिगाशेजारी होती. गोधडी सोडली तेव्हा चुलीच्या धुराचा वास खोलीभर झाला. मंद्रातली एक पट्टी दाबेचना. वरची जाळी काढून पाहिलं तर कुंभारमाशीने आत मातीचं घर बांधलेलं, पट्टीची झडप त्यातच चिकटलेली. भात्याच्या घडीला दोन ठिकाणी भोकं आहेत. तरी बाकीच्या पट्ट्या बोलल्या. बेसूर, घोगऱ्या, पण बोलल्या.

आता खरी अडचण. मी तेव्हा पांढरी पाचमध्ये, म्हणजे सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी षड्ज धरून, गायचो. आता गळा त्याहून बऱ्याच खालच्या काळी एकच्या वर नीट जात नाही. 22 वर्षांत आरती सोडून काही गायलो नाही, त्याचं हे फळ. आणि माझ्या बोटांना सगळं पांढरी पाचमधूनच येतं. भीमपलास घ्या. पांढरी पाचमधून सगळ्या पांढऱ्या, फक्त कोमल गंधाराला काळी पाच. हे मला झोपेतसुद्धा येतं, परवा पेटीवर बसलो तर आपोआप आलं, माझाच मला विश्वास बसेना. पण काळी एकमधून घेतलं की हात आंधळा होतो. चाल डोक्यात स्पष्ट ऐकू येते, बोट भलतीकडे पडतं.

तर मला विचारायचंय ते असं. ही पेटी दुरुस्त करू की स्केल चेंजरची नवी घेऊ, म्हणजे बोटं तीच राहतील आणि सूर खाली येईल? दुसरं, अर्धा तास वाजवलं की डावा खांदा भरून येतो, हे वयाचं की माझं काही चुकतंय? गणपती 27 ऑगस्टला आहेत, आज एप्रिलचा शेवटचा आठवडा. चार महिन्यांत पाच दिवसांच्या भजनाला बसण्याइतकं जमेल का? नसेल जमणार तर आत्ताच स्पष्ट सांगा. पोराला आशा लावून ऐन वेळी उठायचं नाहीये मला. एकदा उठलोय.

आधी भाता

बुवा, नमस्कार. मी पेट्या दुरुस्त करतो, वडीलही तेच करायचे. तुमची पेटी पाहिली नाही, पण वर्णनावरून सांगतो: टाकू नका. सूर, म्हणजे आतल्या रीड, धूर खाऊन बसलेत, मेलेले नाहीत. पितळी रीड चांगली असेल तर वर्षानुवर्षं पडून राहिली तरी कामाला येते. बंद राहिलेल्या पेटीत आधी जातं ते कापड, चामडं आणि पुठ्ठा. तुमचंही तेच झालंय.

आता हात लावण्याआधी ऐका. कुंभारमाशीची माती ओली करू नका. पाणी लागलं तर झडपेखालचं चामडं फुगेल आणि वाळल्यावर वाकडं होईल. बांबूची चपटी काडी तासून घ्या, माती कडेने हळूहळू फोडा, भुगा मऊ कोरड्या ब्रशने बाहेर काढा. तो भुगा रीडमध्ये जाऊ देऊ नका, एक कण अडकला तरी सूर मुका होतो. तेल, स्प्रे, पॉलिश पेपर यातलं काहीही रीडला लावायचं नाही. लोक चकाकी आणायला रीड घासतात. टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, आणि गेलेलं पितळ परत येत नाही. पेटी उन्हातही ठेवू नका. माळ्यावरून आलेलं लाकूड एकदम तापलं तर सूर ज्या फळीवर बसवलेत ती तडकते.

आणि कारागिराकडे गेलात की एक आग्रह धरा. आधी भाता, मग सूर. भाता गळका असताना सूर लावून घेतले तर भाता बदलल्यावर हवेचा दाब बदलतो आणि ते सूर पुन्हा हलतात. घाईत लोक उलटं करून घेतात आणि मग कारागिराला दोष देतात.

घरी गळती बघायची असेल तर एकाच रीडचा स्टॉपर उघडा ठेवा, भाता पूर्ण भरा, हात सोडा आणि मधली एक पट्टी दाबून धरा. सूर किती आकडे टिकतो ते मोजा आणि लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर पुन्हा मोजा. तुमचा खांदा का भरतो याचं अर्धं उत्तर मला वाटतं त्यातच मिळेल. गळक्या पेटीला माणूस नकळत दुप्पट भाता मारत असतो.

फोंड्याची बाई

मी संवादिनी शिकवते. मोठ्या वयात परत येणारे विद्यार्थी माझ्याकडे दरवर्षी दोन-तीन तरी असतात, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

स्केल चेंजर घेऊ नका असं माझं मत आहे. वाईट असतो म्हणून नाही. पट्ट्यांची पूर्ण ओळ सरकवणारी ती रचना वजन वाढवते, आणि आपल्या कोकणच्या दमट हवेत तिची निगा जास्त राखावी लागते. वाडीत घरोघर पेटी उचलून न्यायची आहे तुम्हाला. शिवाय तुम्ही 51 चे आहात. पुढची वीस वर्षं वाजवायचं असेल तर गळा जिथे आहे तिथून बोटांना वाट सापडलेली बरी. ऑगस्टपर्यंत रोज गायलात तर गळा पांढरी दोनपर्यंत चढेलही, पण त्या भरवशावर राहू नका.

आता भीमपलासच घेऊ, कारण तुम्ही उदाहरण अचूक दिलंय. काळी एक षड्ज धरला की चित्र बरोबर उलटं होतं. सगळ्या काळ्या, फक्त कोमल गंधार आणि कोमल निषाद पांढऱ्या. म्हणून हात आंधळा होतो. पण या उलट्या चित्रात एक सोय आहे. अंगठा आखूड असतो, काळ्या पट्टीवर तो अवघडतो. काळी एकमधून अंगठ्याला फक्त दोनच जागा द्यायच्या, गंधार आणि निषाद. षड्ज तर्जनी, ऋषभ मधलं बोट, गंधारावर अंगठा खालून आत, मध्यम पुन्हा तर्जनी, पंचम मधलं, धैवत अनामिका, निषादावर अंगठा, तार षड्ज तर्जनी. भीमपलासच्या आरोहात ऋषभ-धैवत वर्ज्य, हे तुम्हाला सांगायला नको. पण बोटं बसेपर्यंत दहा-बारा दिवस सातही स्वर सरळ घ्या, राग नंतर. अंगठा गंधारावर पोचला की डोळे मिटून "आता कुठे आहे" हे कळायला लागतं. पांढऱ्या पट्टीची कड त्याला लागते ना.

सुरुवातीचे आठ दिवस मात्र काळी तीन षड्ज धरून भूप वाजवा. भूपाचे पाचही स्वर तिथे काळ्या पट्ट्यांवर येतात, एकही पांढरी नाही. गाऊ नका, नुसतं वाजवा. काळ्या पट्ट्या अरुंद आणि उंच, त्यांची भीती बोटातून जायला यापेक्षा सोपा उपाय मला माहीत नाही.

आणि भाता. संवादिनीवादक पं. तुळशीदास बोरकर आमच्या गोव्यातल्या बोरीचे. त्यांची ध्वनिमुद्रणं ऐका आणि एक वेळ बोटांकडे दुर्लक्ष करून नुसता श्वास ऐका. पेटीला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही हा तिच्यावरचा मोठा आक्षेप, आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत तिला दूर ठेवलं त्यात हेही एक कारण होतं. वाजवणाऱ्याला ती उणीव भरून काढावी लागते ती भात्याने. तुम्ही गायक आहात, तुमचा डावा हात तुमच्या श्वासाबरोबर चालायला हवा. सध्या तो गळतीच्या मागे धावतोय.

भजनाचं जमेल का? पाच दिवस पूर्ण रात्र, मला नाही वाटत. पहिल्या संध्याकाळी सुरुवातीचा रूपाचा अभंग, आणखी एक अभंग आणि एक गवळण, एवढं नक्की जमेल. तेवढंच ठरवा आणि पुतण्याला आजच तसं सांगा.

डग्गा

मी तबल्याचा माणूस, 14 वर्षांनी परत आलो, म्हणून खांद्यावर बोलतो. परत येणाऱ्याचा घात करते ती आठवण. डोक्याला जुनी लय आठवते आणि स्नायू आजचे असतात. मी पहिल्या आठवड्यात रोज तासभर वाजवलं आणि मनगट धरून दोन महिने बसलो. तुम्ही अर्धा तास सलग करताय तो दहा-दहा मिनिटांचे तीन भाग करून बघा, मध्ये उठून चाला. पेटी जमिनीवर आणि तुम्ही पातळ सतरंजीवर असाल तर डावा खांदा वर उचलला जातो. खाली जाड घडी घ्या, कोपर सैल लोंबलं पाहिजे. तरी दुखणं रात्री झोपेत जाणवत असेल किंवा हात वर जात नसेल तर डॉक्टरला दाखवा, या वयात खांदा आखडण्याचा त्रास होतो आणि तो वाजवून बरा होत नाही.

दिव्यासारख्या ठिकाणी शेजाऱ्यांचाही प्रश्न असेल. भाता न मारता नुसती बोटं फिरवता येतात. माझ्या तबल्याला ती सोय नाही. पहाटे तसंच करा.

अजून एक. पुतण्याचा पखवाज कोणत्या सुरात लावलाय ते विचारा. वडिलांच्या वेळी पांढरी पाचला असेल आणि अजूनही त्याच्या आसपास असेल तर तो अर्धा सूर चढवून काळी चारला घेता येईल. तुमच्या काळी एकचा तो पंचम. म्हणजे त्याला पखवाज ढिला करावा लागणार नाही, आवाज मरणार नाही, आणि तुम्हालाही गळा ताणावा लागणार नाही.

दिव्याचा मालवणी

सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही बुवा म्हणालात, 22 वर्षांत मला त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. वाचून थोडा वेळ फोन खाली ठेवला.

भाता मोजला. मधला पंचम सहा आकडे टिकला. ठाण्यात एक कारागीर सापडला, त्याला आधी भाता, मग सूर हे सांगितलं तर म्हणाला, कोणी शिकवून पाठवलंय तुम्हाला. पेटी तिथेच आहे. तोवर रोज पहाटे साडेचारला स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद ठेवून त्यावर पट्ट्या काढल्यात, काळ्या पट्ट्यांना खालून पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवलेत, म्हणजे उंची लागते. भूप त्यावर चालू आहे. बायको चहा टाकते आणि बाजूला उभी राहून बघते, बोलत काही नाही.

एक विचारायचं राहिलं. 1998 च्या एका डबलबारीची कॅसेट घरात आहे, दादा पखवाजावर आणि मी. लावायचा धीर झालेला नाही. जुन्या चाली आठवायला ती लावावी का?

फोंड्याची बाई

चालींसाठी लावा, सुरासाठी नको. जुन्या टेपचा वेग कमी-जास्त होतो आणि सूर सरकतो, त्यावर पेटी जुळवायला जाल तर फसाल. आणि एकट्याने ऐकू नका. पुतण्या आला की दोघं बसून ऐका. त्याने वडिलांचा हात तेवढा जवळून कधी ऐकला नसेल.

दिव्याचा मालवणी

जूनचा दुसरा आठवडा. कळवायचं राहून गेलं, माफ करा.

पेटी मेच्या मध्यावर आली. भाता नवा, पाच रीड बदलल्या, बाकी जुन्याच. पंचम आता 17 आकडे टिकतो. खांदा दुखायचा थांबला, अगदी तिसऱ्या दिवशी. पाऊस यंदा मे महिन्यातच आला, दोन पट्ट्या फुगून एकमेकींना चिकटायला लागल्या होत्या, कारागिराने कडा तासून दिल्या आणि पेटी भिंतीला टेकवून ठेवू नका म्हणाला.

अंगठा गंधारावर जायला तीन आठवडे लागले. आरोहात जातो. अवरोहात निषादावरून धैवताला येताना अनामिका अंगठ्यावरून पलीकडे टाकावी लागते, तिथे अजून ठेचकाळतो. पण परवा ऑफिसातून येताना लोकलच्या दाराशी उभा होतो, पिशवीवर बोटं आपोआप फिरत होती आणि ती काळी एकमधूनच फिरत होती. मला ते दिवा मागे पडून कोपरला गाडी थांबली तेव्हा लक्षात आलं.

पुतण्या मागच्या रविवारी पखवाज घेऊन आला होता. त्याने खाली बसून कणीक मळली, डाव्या बाजूला लावली, हातोडीने गठ्ठे ठोकत काळी चारला आणला. मी पेटीवर काळी चार धरून बसलो होतो. सूर मिळाला तेव्हा त्याने वर पाहिलं नाही, कान पुडीला लावूनच म्हणाला, "हां." दादा असाच म्हणायचा. त्याने तो शब्द कोणाकडून घेतला, मला माहीत नाही. चार वर्षांचा होता तो.

मग कॅसेट ऐकली. दोन्ही बाजू. तो पूर्ण वेळ मांडीवर बोटं मारत होता. रडलो दोघंही, पण टेप बंद केली नाही.

नंतर वाजवलं. रूपाचा अभंग, भीमपलासमधला तुकोबांचा एक अभंग आणि गवळण, बाईंनी सांगितलं तसं तेवढंच. त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय की यंदा पहिली संध्याकाळ माझी, पुढचे चार दिवस मंडळातल्या मुलाची, आणि मी मागे कोरसला. त्याला ते पटलंय. मंडळालाही कळवलं.

आता अडलंय ते गजराला. ठायीत, म्हणजे संथ लयीत, सगळं व्यवस्थित चालतं. गजरात तो लय वाढवायला लागला की माझा डावा हात लयीबरोबर भाता मारायला लागतो, तुकड्या-तुकड्याने, आणि सूर हिंदकळतो. बोटं पुढे गेली तरी भाता संथ कसा ठेवायचा? मुद्दाम संथ ठेवायला गेलो की तोंडचे शब्द अडखळतात. कोणी भजनात गात-वाजवत असेल तर सांगा, तुम्ही गजरात भाता नेमका कुठे भरून घेता? मागचे ओळ उचलतात तेव्हा, की टाळीवर? पुतण्या पुढच्या रविवारी पुन्हा येतोय.